स्टर्लिंगचा दुसरा फॉर्म्युला

या लेखाची सुरुवात माझ्या फजितीपासून होते. मागच्या सेमिस्टरला थर्मलच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "स्टर्लिंग सायकल, स्टर्लिंग सायकल म्हणता, हा स्टर्लिंग होता कोण?" मी ठोकून दिलं, "सर, तोच तो, मॅथ्समधला. इंटरपोलेशनवाला." सर मनापासून हसले. इंटर्नल मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, दोघं वेगळे," सर म्हणाले. "इंजिनवाला पाद्री होता आणि फॉर्म्युलावाला गणिती. मध्ये शंभर वर्षं आहेत. जाऊन वाच जरा."

मार्क गेले ते गेलेच. पण परीक्षा संपल्यावर खरंच वाचायला बसलो. इंजिनवाले ते रॉबर्ट स्टर्लिंग, १८१६ साली त्यांनी इंजिनचं पेटंट मागितलं, हे पाच मिनिटांत कळलं. दुसरे जेम्स स्टर्लिंग मात्र मला एकदम स्कॉटलंडच्या एका डोंगरात घेऊन गेले, शिशाच्या खाणीत! तिथून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. तिथे जे सापडलं ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही, पण असायला हवं असं मला वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव कुठे आहे?

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात लाउदर नावाच्या टेकड्या आहेत. बोडक्या, गोलसर, गवत आणि हेदरची झुडपं एवढंच अंगावर. या टेकड्यांत दीड-दोन मैलांच्या अंतरावर दोन गावं आहेत, लेडहिल्स आणि वॉनलॉकहेड. वॉनलॉकहेड साधारण पंधराशे फुटांवर आहे आणि स्कॉटलंडमधलं सर्वांत उंच गाव म्हणून ओळखलं जातं. तुम्ही म्हणाल, पंधराशे फूट म्हणजे काय विशेष, आपलं पुणं त्याहून उंच आहे! खरं आहे. पण हे गाव ५५ अक्षांशाच्याही उत्तरेला आहे. धुकं, बोचरा वारा आणि हिवाळ्यात बर्फ. शेती जवळजवळ शून्य. अशा जागी माणसं राहायला का गेली असतील? उत्तर जमिनीखाली आहे.

आधी सोन्यासाठी गेली. सोळाव्या शतकात इथल्या ओढ्यांच्या वाळूत सोनं धुतलं जायचं आणि या भागाला 'देवाचा स्कॉटलंडमधला खजिना' असं म्हणायचे. पण गावं उभी राहिली ती शिशावर. लेडहिल्स या नावाचा अर्थच शिशाच्या टेकड्या. त्या काळी शिसं कशाला लागत नव्हतं? छपरं, पाण्याचे नळ, रंग, बंदुकीच्या गोळ्या. इथलं शिसं गाड्यांवर लादून एडिंबराजवळच्या लीथ बंदरात जायचं आणि तिथून जहाजानं हॉलंडला. मिनरॉलॉजीची आवड असलेल्या सिव्हिलच्या मित्रांसाठी एक गंमत : इथे सापडलेल्या एका खनिजाचं नावच 'लेडहिलाइट' आहे आणि दुसऱ्याचं 'सुझनाइट', इथल्या सुझॅना नावाच्या खाणीवरून.

गणिती मॅनेजर

आता आपले जेम्स स्टर्लिंग. जन्म १६९२. ऑक्सफर्डला शिकले, काही वर्षं व्हेनिसमध्ये काढली, लंडनमध्ये शिकवलं. १७३० साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. एन फॅक्टोरियलची किंमत अंदाजे काढायचं जे सूत्र आपण घोकतो, त्याची मुळं त्या ग्रंथात आहेत. असा माणूस पुढे काय करेल? प्रोफेसर होईल. यांनी मात्र १७३० च्या दशकात लेडहिल्सच्या खाणकंपनीचं काम घेतलं आणि उरलेलं आयुष्य बहुतेक तिथेच काढलं. १७७० मध्ये ते वारले.

खाण तोट्यात होती. कामगार नाराज होते. स्टर्लिंगनी जे बदल केले त्यातले काही शुद्ध इंजिनीअरिंगचे आहेत. भट्टीला हवेचा झोत हवा असतो. त्यासाठी पाणी उंचावरून नळात सोडायचं, पडता पडता ते हवा ओढून घेतं, खालच्या बंद पेटीत पाणी आणि हवा वेगळे होतात, पाणी खालून निघून जातं आणि दाबाखालची हवा नळीतून भट्टीत. ना पिस्टन, ना भाता, एकही हलणारा भाग नाही! या यंत्राचं वर्णन त्यांनी १७४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक कंटाळवाणं वाटत असेल त्यांनी हे चित्र एकदा कागदावर काढून बघावं.

ग्लासगो शहरासाठी त्यांनी क्लाइड नदीची पाहणीही केली, नदीत जहाजं कशी आणता येतील याची. नगरपालिकेनं १७५२ साली खूश होऊन त्यांना चांदीची चहाची किटली भेट दिली. असो.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका बदलानं. स्टर्लिंगच्या खाणीत पाळी सहा तासांची होती. काळ लक्षात घ्या, अठराव्या शतकाचा मध्य. पुढे ब्रिटनमधल्या कापडगिरण्यांत लहान मुलंसुद्धा बारा-बारा तास उभी राहिली, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. दिवसाच्या चोवीस तासांच्या चार पाळ्या, माणूस सहा तास जमिनीखाली, मग बाहेर. यात नुसती दया होती असं मला वाटत नाही. खाणीच्या आत हवा कोंदट, उजेड मेणबत्तीचा, हातात हातोडा आणि पहार. सहा तासांनंतर माणसाच्या हातून किती काम निघणार? शिवाय चार पाळ्यांमुळे खाण एक क्षणही रिकामी राहत नाही. गणिती माणसानं हिशेब केला आणि तो माणसाच्याही बाजूनं लागला, एवढंच मी म्हणेन.

मग उरलेल्या वेळात लोक काय करायचे? कंपनीनं परवानगी दिली होती की टेकडीवरचा जमेल तेवढा तुकडा साफ करा, दगड काढा, भाजी लावा, स्वतःचं घर बांधा. त्या नापीक उतारावर कामगारांनी हातानं जमीन तयार केली.

आणि त्यांनी वाचनालय काढलं.

एकवीस खाणकामगार, एक मास्तर, एक पाद्री

हे वर्ष होतं १७४१. लेडहिल्सच्या वाचक मंडळाचे सुरुवातीचे सभासद तेवीस. त्यातले एकवीस खाणकामगार, उरलेले दोघे म्हणजे गावचा शाळामास्तर आणि चर्चचा पाद्री. वर्गणी सभासदांची, पुस्तकांची निवड सभासदांची, कारभारही त्यांचाच. वर्गणीवर चालणारं कामगारांचं असं हे ब्रिटनमधलं पहिलंच वाचनालय समजलं जातं. पंधरा वर्षांनी, १७५६ मध्ये, शेजारच्या वॉनलॉकहेडनंही काढलं. त्यांनी मंडळाचं नाव सरळ ठेवलं, 'वॉनलॉकहेडमध्ये पुस्तकं विकत घेणारी मंडळी'. मला हे नाव फार आवडलं. काय करतो ते पाटीवर लिहून मोकळे!

ऑगस्ट १८०३ मध्ये कवी विल्यम वर्ड्सवर्थ, त्यांची बहीण डोरोथी आणि कवी कोलरिज घोडागाडीतून या भागातून गेले. डोरोथीबाईंनी प्रवासाची वही लिहिली आहे. त्यांना वाटेत वॉनलॉकहेडची तीन पोरं भेटली, टोप्यांना रानवेलीची फुलं गुंडाळलेली. शाळेत काय शिकता विचारलं तर पोरं म्हणाली लॅटिन, व्हर्जिल वाचतो. आणि काही जण ग्रीक, होमर. खाणकामगारांची पोरं! कोलरिजसाहेब आणखी खोलात शिरून विचारायला लागले तशी पोरांनी धूम ठोकली. बाईंचा अंदाज, परीक्षा घेतील म्हणून घाबरली असावीत. हे वाचून मला माझा व्हायवा आठवला आणि त्या पोरांबद्दल एकदम आपुलकी वाटली. मला धूम ठोकायची सोय नव्हती एवढाच फरक.

पुढे एका माणसाशी गप्पा मारताना वाचनालयाचा विषय निघाला. शेक्सपिअर आहे का, यांनी आश्चर्यानं विचारलं. आहे की, तो म्हणाला. वर्गणी महिन्याला साधारण चार पेन्स.

बादलीवर चालणारं इंजिन

डोरोथीबाईंना तिथे एक यंत्रही दिसलं, खाणीतलं पाणी उपसणारं. संथपणे वर-खाली होणारं, मध्येच दम खायला थांबल्यासारखं वाटणारं आणि कण्हल्यासारखा आवाज करणारं. आज तसंच एक यंत्र वॉनलॉकहेडला उभं आहे. ते नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी ते समजून घेतलंच पाहिजे.

खाण जितकी खोल, तितकं पाणी जास्त. पाणी उपसलं नाही तर खाण बंद. वाफेचं इंजिन लावायचं तर कोळसा लांबून डोंगरावर चढवायचा, म्हणजे खर्च. पण डोंगरावर ओढे भरपूर. तेव्हा युक्ती अशी : दगडी खांबावर एक भलीमोठी लाकडी तुळई टेकवायची, बागेतल्या सी-सॉसारखी. एका टोकाला पेटीसारखी बादली, दुसऱ्या टोकाला खाणीत गेलेला पंपाचा दांडा. ओढ्याचं पाणी बादलीत येतं, बादली जड होते, खाली जाते, दांडा वर येतो आणि खाणीतलं पाणी उचलतो. बादली तळाला पोचली की तिची झडप उघडते, पाणी सांडतं, दांड्याच्या वजनानं तुळई परत उलटी फिरते. पुन्हा पाणी, पुन्हा तेच.

जरा हिशेब करू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा बादलीत ५०० लिटर पाणी मावतं आणि ती २ मीटर खाली येते. एका फेरीचं काम ५०० × ९.८१ × २, म्हणजे ९८१० ज्यूल. मिनिटाला २ फेऱ्या धरल्या तर शक्ती ३२७ वॅट. अर्धा हॉर्सपॉवरसुद्धा नाही! आपल्या होस्टेलच्या टाकीवरची मोटार याहून दांडगी. पण घर्षण आणि गळती सोडून दिली तर एवढ्या शक्तीत २५ मीटर खोलीवरून तासाला ४८०० लिटर पाणी वर येतं. रात्रंदिवस, कोळशाचा एक खडाही न जाळता. हे यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होतं आणि या जातीचं मूळ जागेवर उरलेलं ब्रिटनमधलं ते एकमेव यंत्र आहे.

वाफ या डोंगरात आलीच नाही असं मात्र नाही. विल्यम सिमिंग्टन हा लेडहिल्सचाच, जन्म १७६४. वडील खाणीत यंत्रांचं काम बघायचे. विल्यम आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी वॉनलॉकहेडच्या खाणीसाठी वाफेचं इंजिन उभारलं. खाणीच्या व्यवस्थापकानं पोराची हुशारी ओळखून त्याला एडिंबरा विद्यापीठात पाठवलं. १७८८ साली त्याचं इंजिन बसवलेली बोट डाल्सविंटनच्या तळ्यात चालली. मार्च १८०३ मध्ये त्याच्या 'शार्लट डंडस' या बोटीनं कालव्यातून ७० टनांचे दोन पडाव समोरच्या वाऱ्याविरुद्ध एकोणीस मैलांहून जास्त ओढत नेले. प्रयोग यशस्वी! पण लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील म्हणून मालकांनी बोट बाजूला ठेवली. सिमिंग्टन १८३१ साली लंडनमध्ये गरिबीत वारला. आज लेडहिल्सला त्याचं स्मारक आहे. प्रोजेक्ट चालला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या फायनल इयरच्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल की स्वर्गच होता. तसं नव्हतं, आणि ते लिहिलं नाही तर लेख खोटा होईल.

पगार रोजंदारीवर नव्हता. चार-सहा जणांची टोळी कंपनीशी सौदा करायची : इतके फॅदम खडक फोडू, फॅदममागे इतकी रक्कम. आत शिशाची शीर चांगली लागली तर फायदा, कडक दगड लागला तर मेहनत पाण्यात. हिशेब वर्षाकाठी व्हायचा. तोपर्यंत खायचं काय? कंपनीकडून उचल. वर्षाच्या शेवटी उचल कापून हातात फार काही उरत नसे, कित्येकदा कर्जच उरे. आपल्याकडे ऊसतोडणीची उचल ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं म्हणजे भट्टीचा धूर. त्या धुराच्या आजाराला तिथले लोक 'मिल-रीक' म्हणायचे. रीक म्हणजे धूर. पोटात कळा, हातापायांतली ताकद जाणं. शिशाची विषबाधाच ती. धूर जिथे बसेल तिथलं गवत खाऊन जनावरंही आजारी पडत. खनिज धुण्याचं काम पोरांकडे असायचं, थंडगार ओढ्याच्या पाण्यात उभं राहून. व्हर्जिल वाचणारी पोरं आणि खनिज धुणारी पोरं एकाच गावातली.

तेव्हा ही माणसं सुखी होती म्हणून वाचत होती असं मला म्हणायचं नाही. कर्ज होतं, धूर होता, तरी दोन गोष्टी त्यांच्या हातात होत्या : पाळी संपल्यावरचा वेळ आणि वर्गणीचे चार पैसे. त्यातून त्यांनी वाचनालय उभं केलं.

माझा भाऊ आणि पान अकरा

आता हे सगळं मला एवढं का लागलं ते सांगतो. माझा मोठा भाऊ एका एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे. आयटीआय झालाय, हात सोन्यासारखा. पाळी कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बारा. जाण्या-येण्याचे दोन वेगळे. शाळेत असताना तो माझ्यापेक्षा जास्त वाचायचा. गावच्या वाचनालयातली शिकारकथांची सगळी पुस्तकं त्यानं संपवली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यासाठी एक कादंबरी नेली. मे महिन्यात परत गेलो तर पुस्तक उशीजवळच होतं, खूण पान अकरावर. "दादा, आवडलं नाही का?" मी विचारलं. तो म्हणाला, "चांगलंय रे. डोळे उघडे राहत नाहीत."

मी तेव्हा काही बोललो नाही. नंतर स्टर्लिंगची सहा तासांची पाळी वाचली आणि दादाचं पान अकरा आठवलं. आपण सहज म्हणतो, कामगार वाचत नाहीत, लोकांना आवड नाही. आवड होती. वेळ कुणीतरी आखून काढून घेतला.

आणि तो आखणारा कोण? ऑफिसात बसलेला कुणीतरी सुपरवायझर, प्रॉडक्शन इंजिनीअर. म्हणजे दोन-तीन वर्षांनी आपणच! शिफ्टचा तक्ता हेसुद्धा एक ड्रॉइंग आहे. बेअरिंगवर किती लोड द्यायचा ते आपण टेबल बघून ठरवतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो. माणसाच्या बाबतीत तो धरायला आपल्याला कुठल्याच पेपरात सांगत नाहीत. इंटरपोलेशनचा फॉर्म्युला आठ मार्कांना येतो. पाळीचा कशालाच येत नाही.

आता तिथे काय आहे?

वॉनलॉकहेडची खाण १९३४ मध्ये बंद पडली. १९५० च्या दशकात थोडा प्रयत्न झाला, टिकला नाही. १९०१-०२ मध्ये डोंगरावर आलेली रेल्वे १९३८ अखेर थांबली. तिचा देखणा पूल १९९१ मध्ये पाडला. टेकड्यांवर खाणीतून काढलेल्या दगडमातीचे ढीग तसेच आहेत, अजून त्यांच्यावर धड गवत येत नाही. वॉनलॉकहेडला शिशाच्या खाणींचं संग्रहालय आहे, लोक हेल्मेट घालून जुन्या बोगद्यात फिरून येतात.

आणि दोन्ही वाचनालयं उभी आहेत, जुन्या पुस्तकांसकट. खाण गेली, रेल्वे गेली, पूल गेला, आणि चार-चार पेन्स जमवून घेतलेली पुस्तकं राहिली.

जाता जाता आपल्या होस्टेलविषयी. रीडिंग रूममधलं ते लोखंडी कपाट सगळ्यांनी पाहिलं असेल, ज्यावर आपण ओले टॉवेल टाकतो. त्यात पुस्तकं आहेत. किल्ली ऑफिसात आहे आणि मागितली तर मिळते. मी मागितली, मिळाली. आत शंभराच्या आसपास मराठी पुस्तकं निघाली, काहींना वाळवी लागलेली. रेक्टर सरांशी बोलणं झालं आहे. आपल्यातल्याच दोघांनी जबाबदारी घेतली तर कपाट रोज रात्री जेवणानंतर तासभर उघडं ठेवायला त्यांची हरकत नाही. मेसवाल्या मावशी आणि वॉचमनकाकांनाही सभासद करून घ्यावं असं माझं मत आहे. वॉचमनकाका रात्रभर जुने पेपर वाचतात ते मी पाहिलं आहे. वर्गणी महिना वीस रुपये, एका वडापावाएवढी. खोली क्रमांक २१४ च्या दारावर वही टांगली आहे, नावं लिहावीत.

मंडळाचं नाव अजून ठरलेलं नाही. मी सुचवेन, 'होस्टेलमध्ये पुस्तकं विकत घेणारी मंडळी'.

दादाचं नाव मी पहिलं लिहिलं आहे. वर्गणी मी भरणार, पान बारापासून पुढचं त्याचं तो बघेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी